एका घराला एक यंत्र

१८ जुलै, गुरुवार

धूर आला. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर समोरचा डोंगर जागेवर नव्हता. वणवा पश्चिमेला नदीपलीकडच्या जंगलात लागलाय आणि रेडिओवाला म्हणतो, पाऊस पडल्याशिवाय विझणार नाही. म्हणजे ऑक्टोबर.

ही वही जोलीनने नाताळात दिली होती, "आई, मनातलं लिहीत जा" म्हणून. मुलगी लाघवी आहे, पण आईच्या मनात काय असतं हे तिला कळलं तर वही परत मागेल. इतके महिने कोरीच पडून होती. आज मात्र कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय आणि एल्डनशी बोलता येत नाही, कारण विषय तोच आहे.

नाश्त्याला बसल्यावर त्याने नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाला, "फर जळतोय. थोडा सीडरही आहे." माझ्या नवऱ्याला कुठलं झाड जळतंय ते वासावरून कळतं. त्यानंतर तो इतका खोकला की कॉफी निवून गेली.

डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात स्पष्ट सांगितलंय. या मोसमात एल्डनच्या फुप्फुसांना घरात स्वच्छ हवा मिळाली पाहिजे, नाहीतर पाऊस पडेपर्यंत त्याला किनाऱ्यावर जोलीनकडे न्यायचं. जोलीनने खोली तयार ठेवली आहे, पडदेसुद्धा निवडलेत. एल्डन त्या दिवशी गाडीत एवढंच म्हणाला, "एकदा नेलं की परत आणत नाहीत." ते मलाही माहीत आहे. आमच्या गल्लीतली तीन घरं अशीच "मोसमापुरती" रिकामी झाली. आता तिथे अंगणात नव्या लोकांची पोरं उड्या मारतात.

एक वाट आहे. धुराच्या मोसमात छातीच्या रोग्यांना आमचा विमा आता एअर प्युरिफायर देतो म्हणे. एल्डनला लागतं तसलं मोठं यंत्र आमच्या आवाक्यातलं नाही, आणि दुकानातली लहानसहान यंत्रं धूर आल्या दिवशीच खपून जातात. जोलीन काही यंत्र आणणार नाही, तिला आम्हीच हवे आहोत. उद्या विम्याला फोन करते.

२३ जुलै, मंगळवार

चार दिवस फोन लागत नव्हता, आज लागला. पलीकडे एक मुलगी होती, गोड बोलणारी. तिला एल्डनशीच बोलायचं होतं, कारण रोगी तो. मी फोन त्याच्या हातात दिला आणि धुणं वाळत टाकायला तळघरात गेले. बाहेर वाळत घालायची सोय उरलेली नाही. फोन त्याच्या हातात सोडून गेले, तीच चूक झाली.

वर आले तर स्वारी आरामखुर्चीत रेलून रंगात आलेली. त्या पोरीने विचारलं होतं, धुराचा त्रास तुम्हाला केव्हापासून होतो? यावर एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, गेल्या दोनतीन उन्हाळ्यांपासून. एल्डन म्हणत होता, "धूर? अहो, मी चौदाव्या वर्षापासून धूर खातोय. वसंतात दर थंड रात्री नाशपातीच्या बागेत शेगड्या पेटवायचो आम्ही. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल डांबरासारखा काळा. तुमच्या या वणव्याचं मला काय सांगता?"

मी खुणा केल्या. त्याला वाटलं, मी पुढच्या किश्श्याची आठवण करून देतेय. मग त्याने तोही सांगितला.

तळघराचा जिना हल्ली फार उभा झालाय. बांधताना एल्डनच्या भावाने पायऱ्या कमी केल्या असणार, त्याला काम लवकर आटपायची सवयच होती. मध्ये थांबून जिन्याच्या भिंतीवरचा लग्नाचा फोटो पुसला.

३१ जुलै, बुधवार

नाही म्हणाले. पत्र आलंय. रोग्याची व्याधी "दीर्घकालीन, व्यवसायजन्य धुराशी संबंधित" आहे, वणव्याच्या धुराशी संबंध दिसत नाही, सबब यंत्र मंजूर करता येत नाही. अपील करता येईल.

मी पत्र त्याच्यासमोर धरलं. म्हटलं, "घे. तुझ्या शौर्याचं प्रशस्तिपत्र आलंय."

त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "यात खोटं काय आहे?"

या खोऱ्यात वाढलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याने हीच चूक केली असती. दुसऱ्या गावचे म्हातारे लढाई किंवा फुटबॉल सांगतात, आमचे धूर सांगतात. पण हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. दिवसभर भांडी जोरात आपटली आणि संध्याकाळी त्याच्या आवडीचा मक्याचा केक केला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज बाहेर पडायचं नाही असा हुकूम आहे. सूर्य संत्र्याच्या फोडीएवढा, त्याच्याकडे डोळे उघडून बघता येतं. घरात बसून दुसरं काय करणार, आठवत बसले.

मार्च-एप्रिलमध्ये बहर आला की सगळं खोरं पांढरं व्हायचं. रात्री जेवताना रेडिओवर थंडीचा अंदाज सांगायचे. तेवढा वेळ कुणी काटा-चमचासुद्धा वाजवायचा नाही. बाबांना एकदा शिंक आली तर त्यांनी ती गिळली होती. पारा गोठणबिंदूखाली जाणार असं कळलं की बायका भाकरी-पाव बांधायला घेत, पुरुष बूट चढवत. शाळेतल्या पोरांना ट्रकमधून बागेत न्यायचे. रांगा-रांगांनी तेलाच्या शेगड्या पेटायच्या. त्यांच्या धुराची चादर बहरावर पसरायची आणि फुलं वाचायची. टेकडीवरून बघितलं की खालचं खोरं दिव्यांनी भरलेलं दिसायचं. एवढं सुंदर मी त्यानंतर काही पाहिलं नाही. किनाऱ्याला समुद्र आहे, हे जोलीन सांगते. असू दे.

मी आणि मावशी बागेतल्या शेडमध्ये डोनट तळायचो. कढईचा धूर, शेगड्यांचा धूर, डोळ्यांतून पाणी आणि हसू एकदमच. एका पहाटे एक काजळी फासलेला मुलगा कॉफी मागायला आला. नुसते डोळे आणि दात. तो म्हणाला, "ताई, साखर जास्त." मी म्हटलं, ताई कुणाला म्हणतोस? त्यावर तो असा लाजला की काजळीतूनही कळलं. पुढचे दोन आठवडे मी शाळेत त्याला शोधत होते. तो माझ्या मागच्याच बाकावर बसायचा, तोंड धुऊन. एल्डन टिलेट. धुतलेला मला ओळखू आला नाही.

सकाळी वर्गात मुलं बाकावर डोकं टाकून झोपायची आणि मास्तर आवाज खाली आणून शिकवायचे. आईचे पडदे जूनपर्यंत राखाडी राहायचे, तिने कधी कुरकुर केली नाही. धूर म्हणजे त्या वर्षाचं पीक वाचलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. पुढे शेगड्यांवर बंदी आली, बागांत थंड हवा ढवळायला मोठाले पंखे लागले. हवा स्वच्छ झाली आणि त्या रात्री संपल्या. मला अजून त्यांची आठवण येऊन रडू येतं. विम्याच्या पत्रात तसलं काही लिहिता येत नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

अपिलासाठी दवाखान्यातली पलोमा घर बघून गेली. तरुण परिचारिका आहे, केसांची जाड वेणी, बोलणं सरळ. खोल्या मोजल्या, खिडक्यांच्या फटी बघितल्या, यंत्र बैठकीत ठेवावं म्हणाली. मिळालंच तर. एका घराला एकच मिळतं आणि एका घरातून एका वेळी एकच अर्ज चालतो, हेही तिने सांगितलं. मी म्हटलं, आम्हाला एकच हवंय, आमचा रोगीही एकच आहे.

मग तिने एल्डनच्या बोटाला चिमटा लावला आणि नळीत फुंकायला सांगितलं. त्याचा आकडा वाईट आला. तो तसा येणारच होता. पण हार मानेल तर तो एल्डन कसला. नळी माझ्यापुढे करून म्हणाला, "आता हिला फुंकू दे. पन्नास वर्षं माझ्यावर फुत्कारतेय, जोर बघू तरी."

मी फुंकलं. काटा त्याच्यापेक्षाही खाली राहिला. खरं तर मी नुकतीच तळघरातून बरण्या घेऊन वर आले होते, आणि नळी दुसऱ्याच्या तोंडची असली की मला नीट फुंकता येत नाही. (पलोमाने पुढचं टोक बदललं होतं, पण तरी.) तिने पुन्हा फुंकायला लावलं. मग विचारलं, जिना चढताना थांबावं लागतं का? म्हटलं, माझ्या वयात कोण थांबत नाही? झोप कशी लागते? खुर्चीत छान लागते, पुस्तक वाचता वाचता. चर्चमध्ये गाता ना अजून? नाही, नवा मास्तर फार लांबलचक ओळी निवडतो, त्याला गाण्यातलं काही कळत नाही.

पलोमा लिहून घेत होती. एल्डन तिच्याकडे बघत होता. इतका वेळ गप्प राहिलेला मी त्याला क्वचितच पाहिलाय. दुपारच्या गोळीने गुंगी आली असावी.

निघताना तो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला, तोंडाला मास्क लावून, धाप टाकत. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. म्हाताऱ्याला तरुण मुलींशी बोलायला दम पुरतो.

९ ऑगस्ट, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. घरच्या माणसाचीही तपासणी लागते म्हणे अपिलाला. एल्डन गाडी चालवत मला घेऊन गेला, जणू रोगी मीच. बाईंनी पाठीला बराच वेळ नळी लावून ठेवली, छातीचा फोटो काढला, शेवटी तोंडात मारायचा फवारा दिला. "मोसमापुरता?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, आपण सावकाश बोलू. सावकाश बोलायला मला वेळ नाही, अपिलाचा फोन बुधवारी आहे. दोनतीन कागदांवर सह्या करून मी उठले. फवारा खणात ठेवलाय, एल्डनचा संपला तर कामी येईल.

१० ऑगस्ट, शनिवार

जोलीनचा फोन. आवाज रडका. तिला म्हटलं, बाबा ठीक आहेत. ती म्हणाली, "आणि तू?" म्हटलं, मला काय धाड भरलीय?

१४ ऑगस्ट, बुधवार

हे रागात लिहितेय.

गेले तीन दिवस मी एल्डनची तयारी करून घेत होते. शेगड्यांबद्दल अक्षर काढायचं नाही. विचारलं तर गेल्या तीन उन्हाळ्यांबद्दल सांगायचं. दोनदा रुग्णवाहिका बोलवावी लागली ते सांगायचं. तो शहाण्या मुलासारखा मान हलवत होता.

अपिलाच्या अधिकारी बाई फोनवर आल्या. मी स्पीकर चालू केला. बाई समजूतदार वाटल्या. म्हणाल्या, "मिस्टर टिलेट, तुमचं म्हणणं सांगा, घाई नाही."

एल्डन म्हणाला, "माझं म्हणणं एवढंच आहे, की मी अर्ज मागे घेतो."

बाईंनी विचारलं, नक्की का? तो म्हणाला, "नक्की. माझी फुप्फुसं मीच खराब केली, आणि मजेत केली. तुमच्या पत्रात चूक काही नव्हती." मग त्याने विचारलं की अर्ज आजच्या आज बंद झाल्याची नोंद होईल ना. बाई हो म्हणाल्या. त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

मी त्याला नको नको ते बोलले. म्हटलं, हट्टी, गर्विष्ठ, स्वतःच्या बढाईपायी मरायला निघालास. मला एकटीला टाकून जायची एवढी घाई झालीय का? त्याने ऐकून घेतलं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "बस आधी. खाली बस, व्हर्ना." मी बसले नाही. मग बसावं लागलं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

अबोला. तो बैठकीत, मी स्वयंपाकघरात. तो दर तासाला येऊन दारात उभा राहतो, बघतो आणि जातो. माफी मागायची हिंमत होत नसणार.

२० ऑगस्ट, मंगळवार

धूर घरात शिरलाय. खिडक्यांना ओले टॉवेल लावलेत तरी दिव्याभोवती धूसर दिसतं. आज मला पहिल्यांदा त्या वासात शेडमधली मी दिसली नाही. नुसता धूर होता.

जोलीनला मी स्वतः फोन केला. म्हटलं, शनिवारी ये आणि बाबांना घेऊन जा. मी सामान बांधते. ती म्हणाली, "दोघांचं बांध, आई." अर्थात दोघांचं, तो तिकडे एकटा राहील का?

एल्डनला सांगितलं. अबोल्यानंतरचं पहिलं वाक्य हेच. त्याने खिडकीतून बघितलं, जिथे त्याची पहिली बाग होती आणि आता दुकानं आहेत, आणि हळूच म्हणाला, "शनिवारपर्यंत थांबू तर खरं." मला त्याची दया आली. सुटकेसवर बसून रडले. सुटकेस माळ्यावरून काढताना मला मध्येच सोडून द्यावी लागली होती, ती त्यानेच काढली, दर पायरीला टेकत. आमच्या घरात सध्या कुणालाच काही धड उचलता येत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी पलोमा आली. तिच्या गाडीत मोठं खोकं होतं. मी दारातच म्हटलं, बाई, उशीर झाला, याने अर्ज मागे घेतलाय. ती म्हणाली, "हे मिस्टर टिलेटचं नाही. मिसेस टिलेट, हे तुमचं आहे."

म्हटलं, काहीतरी घोळ आहे, उद्या फोन करून दुरुस्त करते, रोगी तो आहे. पलोमा एल्डनकडे बघायला लागली. तो खुर्चीतून उठला, त्याला उठायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"घोळ नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी तू नळीत फुंकलंस तेव्हाच कळलं मला. खरं तर आधीपासून. तू जिन्यात फोटो पुसतेस ना, त्या फोटोवर आता धूळ बसायलाही वेळ मिळत नाही."

मी काहीतरी बोलणार होते.

"माझं अपील महिनाभर लोंबकळलं असतं आणि शेवटी नाहीच म्हणाले असते. माझ्याच तोंडाने मी वाट लावली होती. माझा अर्ज चालू असेपर्यंत तुझा पुढे सरकत नव्हता, म्हणून काढून घेतला. डॉक्टरीणबाई तुला सांगणार होत्या, तू ऐकून घेतलं नाहीस."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?"

नसती केली. मी म्हणाले असते, मला काही झालेलं नाही, आधी याचं बघा. आणि अजून बरंच म्हणाले असते.

पलोमाने यंत्र बैठकीत लावलं आणि गाळणी कधी बदलायची ते एल्डनला दाखवलं. जाताना तिने माझा दंड दाबला. मी तिला नीट निरोपही दिला नाही.

तासाभरानंतरचं लिहितेय. दारं-खिडक्या बंद आहेत. यंत्राचा आवाज बारीक आहे. एल्डनने आपली खुर्ची ओढत माझ्या खुर्चीला लावली, कारण हवा एकाच खोलीत चांगली आहे. जोलीनला त्यानेच फोन केला. म्हणाला, शनिवारी ये, पण जेवायला ये, न्यायला नको. पलीकडून ती काय बोलली ते कळलं नाही, पण तो बराच वेळ "हो, बेटा" करत होता.

मी त्याला विचारलं, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, वाटते, म्हणून तर खुर्ची इकडे आणली. मग त्याने मला शेडमधल्या त्या पहाटेची गोष्ट सांगितली, म्हणजे त्याच्या बाजूने. माझ्या डोळ्यांतून धुराने पाणी वाहत होतं, मी तेव्हाही खोकत होते, आणि साखर जास्त मागितली ती मला अजून थोडा वेळ उभं राहता यावं म्हणून, असं तो म्हणाला. मी खोकत होते हे मला आठवत नाही. मला फक्त हसू आठवतं.

तर लिहून टाकते. मला दम लागतो. जिना उभा झालेला नाही आणि चर्चच्या मास्तरला गाणं कळतं. आडवं झालं की छाती भरून येते म्हणून मी खुर्चीत झोपते. त्या दिवसांवर माझं प्रेम आहे, आणि त्यांनी आम्हा दोघांना हे दुखणं दिलं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला त्यांचा राग येत नाही, पण आज भीती वाटतेय.

एवढं लिहून झाल्यावर मी ते एल्डनला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. त्याने उठून खणातून फवारा आणला, टोपण काढलं आणि माझ्या हातात दिला. कसा घ्यायचा ते त्याने दाखवलं. मी तसा घेतला, थोडं थांबले आणि एक लांब श्वास ओढला. तो पुरा आला.